तिसऱ्या सळीवरचा आवाज

१

सोमवारी दुपारी ॲक्रिंग्टनच्या एका बाईनं टॅम्सिन ऑग्डेनची नवी सीडी विकत घेतली, घरी आल्यावर चहा ओतून घेतला, सीडी लावली, आणि खोलीत एक भरदार पुरुषी आवाज घुमला. तिनं सीडी काढून नीट पाहिली. वर टॅम्सिनचं नाव, पाकिटावर टॅम्सिनचा फोटो. पुन्हा लावली, तर पुन्हा तोच बाप्या. गाणं तेच, शब्द तेच, वाद्यं तीच, गळा तेवढा दुसऱ्याचा. आणि हा गळा कुणाचा हे त्या बाईला कुणी सांगायला नको होतं. शनिवारी संध्याकाळी तिनं स्वतः फोन करून त्यालाच मत दिलं होतं.

तो आल्बन पेल. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीत हरलेला, ग्रिम्स्बीच्या मासळी धक्क्यावरचा पन्नाशी ओलांडलेला गडी.

त्या स्पर्धेची रीत सगळ्या देशाला ठाऊक होती. शेवटच्या दोघांकडून एकच गाणं आधी गाऊन घ्यायचं आणि दोघांच्याही सीड्या काढून ठेवायच्या. शनिवारी निकाल लागला की जिंकलेल्याच्या सोमवारी दुकानात जायच्या आणि हरलेल्याच्या यंत्रात फोडून चुऱ्यात. मग आठवडाभर खप मोजायचा आणि रविवारी खपानुसार गाण्यांची यादी जाहीर व्हायची. हा तर नाताळचा आठवडा. या आठवड्यातला पहिला नंबर माणसाला जन्मभर पुरतो असं म्हणतात.

सोमवारी संध्याकाळपर्यंत तेवीस तक्रारी आल्या. सगळ्या ॲक्रिंग्टनच्या दोन दुकानांतल्या. मंगळवारी सकाळी आठ वाजता डार्वेनच्या कारखान्यात साहेबांनी नोरीन हॅलसला वर बोलावून घेतलं.

नोरीन तिथली ऐकणारी बाई. काळ्या तबकड्यांच्या जमान्यापासून, अडतीस वर्षं, कानाला हेडफोन लावून चुका शोधणं हाच तिचा धंदा. मार्चमध्ये ती निवृत्त होणार होती. ती वर गेली तेव्हा ऑर्मरॉड साहेब खिडकीशी उभे होते आणि त्यांच्या खुर्चीत फिलिपा स्ट्रँग बसली होती. फिलिपा गाण्याच्या कंपनीची बाई, लंडनहून पहाटेच्या गाडीनं आलेली.

फिलिपानं विषय थोडक्यात मांडला. यादी काढणाऱ्या मंडळींनी गुरुवारी दुपारी बारापर्यंत मुदत दिली होती. चूक कारखान्याची असेल तर तेवढ्या चुकलेल्या सीड्या वगळून बाकीचा खप धरला जाणार होता, पण मग कंपनी आपलं काम या कारखान्याकडून काढून घेणार होती. आणि कुणी मुद्दाम केलं असेल, तर टॅम्सिनचा आठवड्याचा सगळा खपच बाद होण्याची भीती होती.

"तेव्हा ही चूकच आहे," फिलिपा म्हणाली. "छपाईवर जो माणूस होता, त्याला आम्ही घरी पाठवलंय."

नोरीननं साहेबांकडे पाहिलं. साहेब खिडकीबाहेर बघत राहिले.

"मी ऐकल्याशिवाय काही म्हणत नाही," नोरीन म्हणाली. "आणि छपाईवरच्या वसीमची बाजू अजून मी ऐकलेली नाही."

२

आधी तिनं परत आलेली सीडी भिंगाखाली धरली. प्रत्येक सीडीच्या मधल्या भोकाभोवती साच्याचा बारीक आकडा उमटतो. वरची छपाई टॅम्सिनची होती, पण आकडा आल्बनच्या साच्याचा. म्हणजे सीडी निघाली तेव्हा ती बरोबरच होती आणि घोळ छपाईच्या आधी कधीतरी झाला होता.

छपाईच्या आधी सगळ्या सीड्या कोऱ्या, चंदेरी, एकसारख्या. दीडशे-दीडशे एका सळीत ओवून ठेवायच्या आणि सळीच्या पायाला दोरीनं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची. ती चिठ्ठी हीच काय ती ओळख. गुरुवारी दोघांच्या दोनदोनशे सळ्या तयार झाल्या, तेव्हा जागा कमी म्हणून नोरीननंच त्या जाळीच्या खोलीत शेजारी-शेजारी लावायला सांगितल्या होत्या. हे तिला आता आठवलं, आणि आठवून बरं वाटलं नाही.

वसीम अख्तर ब्लॅकबर्नला राहायचा. ती गेली तेव्हा तो स्वयंपाकघराचा गळका नळ दुरुस्त करत बसला होता. घरी बसवलेल्या माणसाला हाताला काम लागतं. त्याच्या बायकोनं, नस्रीननं, चहा आणला.

बारा वर्षांत एक सळी चुकली नाही, असं वसीम म्हणाला. चिठ्ठी वाचायची, ओढून काढायची, सळी यंत्राला लावायची. त्या दिवशीही त्यानं तेच केलं होतं.

"प्रत्येक चिठ्ठी वाचलीस?"

"प्रत्येक. एक तर जास्तच वाचली. तिची दोरी सुटेना. आपली सुरगाठ असते ना नोरीनबाई, एक टोक ओढलं की मोकळी. ही ओढून ओढून घट्ट होत होती. शेवटी कटरनं कापली."

"कितवी सळी?"

"अगदी सुरुवातीची. तिसरी असेल, चौथी असेल."

नोरीननं चहाचा कप खाली ठेवला. नस्रीन तिथंच उभी होती. तिला नवऱ्याचा अपमान लागला होता. ती म्हणाली, शनिवारी टीव्हीवर तुमचा कारखाना दाखवला तेव्हा आम्ही सगळ्यांना फोन करून सांगितलं, आणि सोमवारी हे असं.

"टीव्हीवर? आमचा कारखाना?"

"हो. ती मुलगी आणि तो मासेवाला जाळीच्या खोलीत उभे होते, सळ्यांवर हात ठेवून. तुम्ही बघितलं नाही?"

नोरीन टीव्ही बघत नसे. सळ्या गुरुवारी लागल्या, म्हणजे चित्रण शुक्रवारचंच, आणि शुक्रवारी दुपारी ती दाताच्या डॉक्टरकडे होती. आणि जाळीच्या खोलीच्या वहीत शुक्रवारी बाहेरच्या कुणाचीही नोंद नव्हती. ती वही तिनं तासाभरापूर्वीच पाहिली होती.

३

परत येऊन तिनं चिठ्ठ्यांचे गठ्ठे मागवले. छपाईला गेलेल्या सळ्यांचे पुठ्ठे तारेत ओवलेले असतात, चुऱ्यात गेलेल्यांचेही. पहिल्या गठ्ठ्यात कापलेल्या दोरीचा पुठ्ठा लगेच सापडला. दोरी कापली होती, पण गाठ शाबूत होती. दोन फासे, आणि त्यांच्यावर पुन्हा एक पीळ.

चुऱ्याच्या यंत्रावर स्टॅन ग्रिमशॉ असायचा. त्याला तिनं गाठ दाखवली. स्टॅननं कानावरची टोपी मागं सारली.

"अशी एक मलापण लागली होती की. मी दातांनी सोडवली. म्हटलं, कुणाला एवढं प्रेम आलं चिठ्ठीचं?"

"मग कुणाला सांगितलं का नाहीस?"

"गाठीबद्दल? कुणाला सांगायचं असतं, नोरीन?"

म्हणजे दोन चिठ्ठ्या, एका हातानं बांधलेल्या. टॅम्सिनच्या एका सळीची चिठ्ठी आल्बनच्या सळीला आणि आल्बनची टॅम्सिनच्या सळीला. म्हणून तर मोजणीत एकही सीडी कमी-जास्त आली नव्हती आणि चुऱ्याचं वजनही बरोबर भरलं होतं. वसीमच्या आणि स्टॅनच्या डोळ्यांदेखत सगळं नीट झालं होतं, कारण चिठ्ठ्याच खोटं बोलत होत्या.

आता प्रश्न राहिला, केव्हा. नोरीननं तक्रारींच्या खोक्यांचे नंबर पाहिले. एका खोक्यात पंचवीस सीड्या. तक्रारी आल्या त्या तेरा ते अठरा नंबरच्या खोक्यांमधून. म्हणजे छापलेली तिसरी सळी. मग ती वर गेली आणि शनिवारी पहिल्या हजार सीड्या छापून होईपर्यंत यंत्रापाशी कोण उभं होतं असं फिलिपाला विचारलं.

"मी," फिलिपा म्हणाली. "एक मिनिटही हलले नाही. माझं कामच आहे ते."

"आणि त्याआधी?"

त्याआधी सहा वाजता खोलीच्या दारावर कागद चिकटवून तिनं आणि साहेबांनी सह्या केल्या होत्या. साडेआठला निकाल लागला, दोघांनी मिळून कागद फाडला, आणि सळ्यांची पहिली ढकलगाडी थेट छपाईला गेली.

"म्हणजे तिसऱ्या सळीला कुणी हात लावला असेल तर सहाच्या आधी," नोरीन म्हणाली. "निकालाच्या अडीच तास आधी."

फिलिपानं उठून दार लावून घेतलं.

"हरणार कोण ते आधीच कुणाला तरी माहीत होतं, असं म्हणताय तुम्ही. हे बाहेर गेलं तर नंबर राहू द्या, स्पर्धाच राहणार नाही."

४

नोरीनला रात्रभर झोप आली नाही, पण सकाळी तोंड धुताना तिला उत्तर मिळालं, आणि ते इतकं सोपं होतं की तिचा तिलाच राग आला. चिठ्ठ्या बदलणाऱ्याला निकाल माहीत असायची गरजच नव्हती. एकमेकींच्या जागी दोन चिठ्ठ्या बांधल्या की झालं. कुणीही जिंको, हरलेल्याच्या दीडशे सीड्या चुऱ्यातून वाचणार आणि जिंकलेल्याच्या नावानं दुकानात जाणार. हे कुणाचं तरी नुकसान करायला केलेलं नव्हतं. काहीतरी वाचवायला केलेलं होतं.

बुधवारी सकाळी तिनं ऑर्मरॉड साहेबांना शुक्रवारचं विचारलं. साहेबांचे कान लाल झाले. टीव्हीवाले आले होते हे खरं. बाहेरच्यांना आत न्यायचं नाही हा नोरीनचाच नियम, म्हणून वहीत लिहिलं नाही. कॅमेऱ्याचा दिवा गेला, ती माणसं दिवा आणायला गाडीकडे गेली. साहेब आल्बनला घेऊन बाहेर सिगारेट ओढायला गेले. खोली दहा मिनिटं उघडी होती. मुलगी कुठं होती ते त्यांना आठवत नव्हतं.

नोरीन गाडी काढून ग्रिम्स्बीला गेली. सगळा देश आडवा ओलांडावा लागला. दुपारी एक वाजता ती धक्क्यावर पोचली तेव्हा आल्बन पेल पांढरा रबरी डगला घालून हॅडॉक माशांचे काटे काढत उभा होता. शनिवारी सव्वा कोटी लोकांसमोर गायलेला माणूस मंगळवारी पहाटे चारला कामावर परतला होता. मासा वाट बघत नाही, असं त्यानं कारण सांगितलं.

त्यानं काही लपवलं नाही. ॲक्रिंग्टनच्या एका अनोळखी बाईनं त्याचा नंबर शोधून त्याला फोनवर त्याचाच आवाज ऐकवला होता. त्याच्यापाशी स्वतःची एकही सीडी नव्हती. शुक्रवारी कारखान्यात स्टॅननं मोठ्या कौतुकानं चुऱ्याचं यंत्र दाखवलं, हरलेला इथं जातो म्हणाला, तेव्हा आल्बन हसला होता.

"हसलो खरा," तो म्हणाला. "पण बाई, पस्तीस वर्षं मी क्लबात गातोय, लोक चिप्स खाताना. पहिल्यांदा कुणीतरी माझं नीट टिपून घेतलं होतं. आणि ते पीठ होणार म्हणे. टॅम्सिन तर पांढरीफटक पडली."

"तुमची तिची गट्टी होती?"

"सात आठवडे एका घरात राहिलो आम्ही. पोर घाबरली की तिचा श्वास अडकायचा. मी तिला श्वास घ्यायला शिकवला, आणि ती माझ्या बुटांच्या नाड्या बांधायची. हसू नका. ही बोटं गार पाण्यानं आखडलीत, नाडी माझ्यानं धड बांधली जात नाही. ती लहान मुलांच्या बुटांच्या दुकानात कामाला होती ना. स्टेजवर जायच्या आधी वाकायची आणि अशी बांधायची की दिवसभर सुटायची..."

तो थांबला. नोरीननं पर्समधून पुठ्ठा काढून फळीवर ठेवला होता. कापलेली दोरी, दोन फासे, वर पीळ.

आल्बननं सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि बराच वेळ त्या गाठीकडे बघितलं.

"लिहून टाका की मी केलं," तो म्हणाला. "माझं काय जाणार आहे? मी हरलेलोच आहे."

"तुम्ही साहेबांबरोबर सिगारेट ओढत होता. आणि ही गाठ तुमच्या बोटांची नाही, ते तुम्हीच आत्ता सांगितलंत."

"तिचा नंबर जाईल हो."

"आणि वसीमची नोकरी?" नोरीन म्हणाली. "त्याला तीन पोरं आहेत."

त्यानं पुन्हा सुरी उचलली. निघताना त्यानं तिला कागदात गुंडाळून दोन हॅडॉक दिले आणि पैसे घेतले नाहीत.

५

गुरुवारी सकाळी दहाला टॅम्सिन ऑग्डेन मँचेस्टरच्या एका मोठ्या दुकानात सीड्यांवर सह्या करत होती. नोरीन रांगेत उभी राहिली. मुलगी वीस वर्षांची, किडकिडीत, टीव्हीवाल्यांनी रंगवून बसवलेली. पण बूट तिचे स्वतःचेच असावेत, कापडी, झिजलेले. नाड्यांना दोन फासे आणि वर पीळ.

सहीसाठी नोरीननं सीडी दिलीच नाही, पुठ्ठा पुढे केला. टॅम्सिननं तो पाहिला आणि पेनाला टोपण लावलं. दोन मिनिटांत परत येते असं रांगेला सांगून ती नोरीनला मागच्या खोक्यांच्या खोलीत घेऊन गेली.

"पोलीस आहात?"

"नाही गं. मी ऐकायचं काम करते."

टॅम्सिन एका खोक्यावर बसली. कुणाकुणाला त्रास झाला असं तिनं विचारलं, तेव्हा नोरीननं वसीमचं सांगितलं, त्याच्या बायकोचं सांगितलं, आणि बारा वाजायच्या मुदतीचंही सांगितलं. काल ग्रिम्स्बीला आल्बन सगळं स्वतःच्या अंगावर घ्यायला तयार होता हेही ती म्हणाली.

"तू त्याच्यासाठी केलंस, हे मी समजू शकते," नोरीन म्हणाली. "पण दुसराच माणूस त्यात भरडला जातोय."

टॅम्सिननं नाही म्हणून मान हलवली. तिचे डोळे कोरडे होते.

"त्याच्यासाठी नाही केलं. सगळे असंच म्हणतील, आणि मला ते म्हणू द्यायला आवडलं असतं. मी माझ्यासाठी केलं. आल्बनच जिंकणार होता, सगळ्यांना माहीत होतं. शुक्रवारपर्यंत तोच पुढे होता, आमच्या समोर तसं बोलायचे ते लोक. मग त्या माणसानं ते यंत्र दाखवलं. मला वाटलं, सोमवारी मी परत दुकानात जाणार, पोरांच्या पायाची मापं घेणार, आणि मी कधी गायले होते याचा तुकडासुद्धा उरणार नाही. म्हटलं, त्याच्या पाकिटात का होईना, दीडशे घरांत तरी जाईल. कुणीतरी लावेल, चुकलं म्हणेल, पण एकदा ऐकेल. एवढंच हवं होतं."

"आणि जिंकलीस तू."

"आणि जिंकले मी. शनिवारी माझं नाव घेतलं तेव्हा पहिल्यांदा मला ती सळीच आठवली."

अडतीस वर्षांत नोरीननं लाखो चुका ऐकल्या होत्या, करकर, खरखर, उडी मारणारे सूर. काल दिवसभर एवढा प्रवास करून तिनं स्वतः मात्र अर्धीच गोष्ट ऐकली होती.

"फिलिपाला मी सांगू की तू सांगतेस?" तिनं विचारलं.

"तिला सांगितलं तर ती ते दाबून टाकेल. चूक झाली म्हणेल, आणि तुमचा माणूस घरीच बसेल." टॅम्सिन उठली. "यादीवाल्यांचा फोन नंबर आहे तुमच्याकडे?"

तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. दुकानाच्या मॅनेजरच्या टेबलावरून तिनं फोन केला. आवाज सुरुवातीला अडकला. मग तिनं पोटात खोल श्वास घेतला, तसाच धरला, सोडला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. बाहेर रांग दाराबाहेर गेली होती.

६

यादीवाल्यांनी दोन तास घेतले. कुणी खप फुगवायला हे केलेलं नाही, तेव्हा दीडशे सीड्या सोडून बाकीचा खप धरावा, असं त्यांनी कळवलं. रविवारी टॅम्सिनचा नंबर दुसरा आला. पहिल्या नंबराशी फरक हजारांचा होता, दीडशेचा नव्हता, पण तिला दोष द्यायला कंपनीला तेवढं निमित्त पुरलं. तिचं पुढचं गाणं मार्चमध्ये आलं, एकतिसाव्या नंबरावर गेलं, आणि उन्हाळ्यापूर्वी त्यांनी तिला मोकळं केलं. ती बुटांच्या दुकानात परत गेली नाही. लग्नसमारंभांत गाणाऱ्या एका वाद्यवृंदात आहे असं नंतर नोरीनच्या कानावर आलं.

वसीम शुक्रवारी कामावर रुजू झाला. साहेबांनी त्याची माफी मागितली, आणि तीही सगळ्यांसमोर, कारण नोरीननं त्यांना दुसरा पर्याय ठेवला नव्हता. कंपनीनं कारखान्याचं काम काढून घेतलं नाही. कारखाना पुढे सहा वर्षं चालला आणि मग इतर कारखान्यांसारखाच बंद पडला.

राहिल्या त्या दीडशे सीड्या. कंपनीनं ॲक्रिंग्टनच्या वर्तमानपत्रात तीन वेळा जाहिरात दिली. चुकीची सीडी आणून द्या, बरोबर घेऊन जा, वर एक फोटो फुकट. जानेवारी संपेपर्यंत परत आलेल्या मोजायचं काम नोरीनकडे होतं. एकोणीस आल्या, तक्रारी तेवीस होत्या तरी. नियमाप्रमाणे तिनं त्या स्टॅनकडे दिल्या आणि त्या चुऱ्यात जाईपर्यंत उभी राहिली.

मग तिनं ग्रिम्स्बीला फोन लावला आणि आकडा सांगितला. एकशे एकतीस जणांनी परत दिल्या नाहीत.

पलीकडे बराच वेळ धक्क्यावरचा आवाज ऐकू येत राहिला, पाण्याचा, पेट्या सरकवल्याचा. मग आल्बननं ग्रिम्स्बीहून ॲक्रिंग्टनला सकाळची गाडी किती वाजता असते, असं विचारलं.